उभ्या गाडीची बॅटरी कोण पितं?

गाडी चालवली की पेट्रोल संपतं हे सगळ्यांना पटतं. पण नुसती उभी राहिलेली गाडी बॅटरी संपवते म्हटलं की लोक बॅटरीवाल्याला शिव्या घालतात. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि महिना-दीड महिन्याने लोकांनी किल्ली फिरवली, तेव्हा कित्येक चांगल्या गाड्यांनी नुसतं 'टक्' केलं होतं. हे असं का होतं, ते बघू.

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी यांना थोडा करंट लागतोच. तो ५० मिलिअँपिअरच्या आत असला तर चालतं. म्हणजे दिवसाला ०.०५ × २४ = १.२ अँपिअर-अवर. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या आसपास असते, ती पंधरवड्यात निम्मी होणार. त्यात आपल्याकडचा मे महिना! पारा ४० च्या वर गेला की बॅटरी काही न जोडताही आतल्या आत लवकर उतरते.

आता खरी केस. माझ्या मामाची गाडी अहमदपूरला असते. आजीला दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी लातूरला न्यावं लागतं. गुरुवारी गाडी कण्हत-कुंथत चालू व्हायची, सोमवारी मात्र शेजाऱ्यांचा धक्का ठरलेला. डायलिसिसला "उद्या येतो" म्हणता येत नाही. एका दुकानदाराने बॅटरी गेली म्हणून नवी बसवून दिली, पण तीन आठवड्यांत परत तेच. मामा म्हणाला, "इंजिनिअरिंग शिकायलीस ना गं, मग बघ की जरा." मी नांदेडहून मल्टीमीटर घेऊनच गेले.

मला पहिला धागा त्या वारांमध्येच दिसला. सोमवार ते गुरुवार तीन दिवस, गुरुवार ते सोमवार चार. एक दिवस जास्त उभी राहिली की गाडी मरते, म्हणजे कोणीतरी रोज ठराविक माप पीत होतं.

आधी बॅटरीचीच परीक्षा घेतली. पूर्ण चार्ज करून निगेटिव्हचं टर्मिनल काढून रात्रभर ठेवली. सकाळी १२.६ व्होल्ट. (१२.२ म्हणजे साधारण निम्मी.) बॅटरी ठणठणीत होती. मग ती जोडून इंजिन चालू केलं आणि मोजलं, तर १४.१ व्होल्ट. १३.८ ते १४.४ च्या मध्ये आलं की अल्टरनेटर चार्ज करतोय असं समजावं. राहिली फक्त गळती.

गळती मोजताना मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घ्यायचा आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब व सुटी केलेली केबल यांच्या मध्ये जोडायचा. निगेटिव्हच का? पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. मीटर मध्ये असताना किल्ली चुकूनही फिरवू नका. स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज जागीच उडेल. दार उघडं ठेवायचं असेल तर त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, नाहीतर आतला दिवाच मोजाल. आणि थांबा! गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वीस मिनिटं ते अर्धा तास घेतात. मामाला हेच पटत नव्हतं. "काय करायलीस? नुसतं बघत बसलीस की!"

अर्ध्या तासाने आकडा ०.२५ अँपिअरवर स्थिर झाला. दिवसाला ६ अँपिअर-अवर. तीन दिवसांत १८, म्हणजे निम्मी बॅटरी. चार दिवसांत २४, म्हणजे दोन तृतीयांश गायब. गुरुवार-सोमवारचं कोडं तिथेच सुटलं.

मग एकेक फ्यूज काढत आकडा बघत गेले. (नव्या गाड्यांत फ्यूज न काढता त्याच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजणं बरं, कारण काढताना-बसवताना कॉम्प्युटर जागे होतात.) डॅशबोर्डखालचा एक फ्यूज काढताच ०.०२ झालं. त्या फ्यूजवर नंतर बाहेरून बसवलेला म्युझिक सेट होता. सेटची पिवळी वायर मेमरीसाठी कायम चालू असते, लाल वायर किल्लीबरोबर चालू-बंद व्हायला हवी. इथे फिटरने दोन्ही एकत्र पिळून कायमच्या लाईनवर दिल्या होत्या, म्हणून स्क्रीन काळी दिसली तरी सेट कधी झोपतच नव्हता. लाल वायर किल्लीच्या लाईनवर घेतली, इन्सुलेशन टेप लावली, खर्च टेपचा.

कुठलाच फ्यूज काढून आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरचा डायोड तपासा. डायोड खराब झाला की करंट उलटा वाहतो, आणि तो छोट्या फ्यूजमधून जातच नाही.

नवी बॅटरी बदलावी लागली नाही, पण तिचं आयुष्य थोडं कमी झालंच असणार. गाडीच्या बॅटरीच्या प्लेट पातळ असतात, क्षणभर जोरात करंट द्यायला बनवलेल्या. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीसारखी ती खोलवर उतरवली की प्लेटवर सल्फेट बसतं आणि ते पूर्ण निघत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी कॉलेजच्या पार्किंगमध्ये सोडून जाणाऱ्या सरांनी निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं तरी पुरे. पण त्याआधी रिमोट न वापरता किल्लीने दार उघडतं का ते बघा, आणि म्युझिक सेटला कोड असेल तर तो लिहून ठेवा. परत आल्यावर घड्याळ लावावं लागेल, बस.