मंजुरीपत्राचं मागचं पान

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचं नाव इथे नको. विद्यार्थी त्यांना मॅडम म्हणतात, आपणही तेच म्हणू. जुलै 2024 मध्ये माद्रिदला आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषद भरली होती. मॅडमचा निबंध तिथे स्वीकारला गेला आणि सरकारी योजनेतून प्रवासखर्चाला मंजुरीही आली. स्टाफरूममध्ये पेढे झाले. निबंध छान झाला, ओळखी झाल्या. परत आल्यावर त्यांनी बिल लावलं आणि ते जसंच्या तसं परत आलं. शेरा एका ओळीचा होता: तिकीट अधिकृत एजंटकडून घेतलेले नाही.

मंजुरीपत्र पाठपोट छापलेलं होतं. पुढच्या पानावर रक्कम, मागच्या पानावर अटी. पुढच्या पानाची छायाप्रत प्राचार्यांच्या टेबलावर गेली, नोटीस बोर्डावर लागली, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरली. मागचं पान कुणी उलटलंच नाही.

अधिकृत एजंटच्या या अटीमागे इतिहास आहे. एअर इंडिया सरकारी होती तोवर सरकारी पैशाने उडणाऱ्याने तिच्याच विमानात बसायचं, असा दंडक होता. जानेवारी 2022 मध्ये ती टाटांकडे गेली आणि तो दंडक गळाला. जून 2022 मध्ये अर्थ मंत्रालयाने नवी सूचना काढली: आपल्या दर्जातलं सर्वांत स्वस्त तिकीट घ्या, शक्यतो प्रवासाच्या 21 दिवस आधी घ्या, आणि घ्या ते तीनच ठिकाणांहून, म्हणजे बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी. रेल्वेचं तिकीट काढायची आयआरसीटीसी विमानाचंही तिकीट देते, हे कित्येक प्राध्यापकांच्या गावीही नसतं. मॅडमनी मोबाइलवरच्या एका खासगी अॅपवरून तिकीट काढलं होतं, तेही अधिकृत एजंटच्या दरापेक्षा कमी पैशांत. ‘सरकारचेच पैसे वाचवले, त्याची ही शिक्षा,’ असं त्या म्हणतात. पण लेखापरीक्षक बचत बघत नाही, अट पाळली का ते बघतो. त्याचं कामच ते आहे.

प्रकरण त्या एका ओळीवर थांबलं नाही. बोर्डिंग पासची मूळ प्रत मागवली गेली. विमानतळावरच्या यंत्रातून निघणारा पास बहुधा थर्मल कागदावर असतो. त्यात शाई नसते, उष्णतेने अक्षरं उमटतात आणि उष्णतेनेच ती उडतात. मॅडमच्या फायलीतला परतीचा पास पुढचा उन्हाळा संपेपर्यंत जवळपास कोरा झाला होता. उजेडात तिरका धरला तर नावाची आद्याक्षरं आणि आसनाचा आकडा, बस. आता त्या प्रत्येकाला सांगतात, विमानातून उतरलात की आधी पासचा फोटो काढा, मग टॅक्सी बघा. मोबाइलवरच्या पासचाही स्क्रीनशॉट ठेवा, कारण प्रवास संपल्यावर तो अॅपमधून नाहीसा होऊ शकतो.

परिषदेची नोंदणी फी युरोत होती आणि स्वतःच्या कार्डाने भरलेली होती. बँकेने त्या दिवशीच्या दरावर आपलं शुल्क लावलं, वर जीएसटी. कॉलेजच्या लेखापालाला हवी होती रुपयांतली रक्कम, बँकेच्या शिक्क्यासह. आयोजकांची पावती युरोत, कार्डाचं विवरण रुपयांत, दोन्हींत तारखेचा एका दिवसाचा फरक. त्यावर आणखी एक पत्र लिहावं लागलं. इथे चूक कुणाचीच नाही. मात्र असली पत्रं लिहायला महाविद्यालयात माणूस नसतो, आणि ते काम शेवटी निबंध लिहिणाऱ्याच्याच डोक्यावर बसतं.

व्हिसाचं वेळापत्रक आणखी निराळं. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण अर्जासोबत खर्च कोण करणार याचा पुरावा लागतो, तो म्हणजे मंजुरीपत्र, आणि ते हाती पडतं प्रवासाच्या तोंडावर. मे-जूनमध्ये मुंबई-पुण्यात व्हिसाच्या तारखा मिळत नाहीत. म्हणून ज्यांना हा खेळ ठाऊक आहे ते प्राचार्यांकडून आधीच एक पत्र घेतात: मंजुरी न आल्यास खर्च प्राध्यापक स्वतः करतील. सोबत आपल्या बँकखात्याचा उतारा जोडतात. अर्ज अडत नाही. संस्थेचं आणि उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र याच काळात फिरत असतं. तो कागद सर्वांत आधी सुटला पाहिजे, कारण तो सर्वांत जास्त टेबलांवर थांबतो.

मॅडमची परिषद निदान खरी होती. सगळ्यांचं नशीब तेवढं बरं नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांत परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचल्यास 7 गुण आहेत, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला 5, राष्ट्रीय परिषदेला 3. पदोन्नतीचा हिशेब या गुणांवर चालत असेल तर हे गुण विकणारी दुकानं निघणारच. हैदराबादच्या ओमिक्स समूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खटला भरला; परिषदांना न येणाऱ्या नामवंतांची नावं जाहिरातीत छापणं, नियतकालिकांबद्दल खोटे दावे करणं असे आरोप होते. 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने 5 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. परिषदेचं निमंत्रण आलं की वक्त्यांच्या यादीतल्या दोघांना सरळ ईमेल करून विचारावं, तुम्ही खरंच येताय का? फुकटची तपासणी आहे, आणि उत्तर न येणं हेही उत्तरच.

एवढं सगळं करून वर्गात काय आलं? हा प्रश्न बिलापेक्षा अवघड आहे. सात दिवसांच्या परिषदेने अभ्यासक्रम बदलत नाही. इथे मात्र काही योजनांची रचना खरोखर शहाणी आहे. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेतून अध्यापनासाठी जाणाऱ्या प्राध्यापकाने आठवड्याला किमान 8 तास वर्ग घेतलाच पाहिजे. निबंध वाचून शहर बघत फिरणं त्या पैशात बसत नाही. केंद्र सरकारने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘ग्यान’ योजनेने तर दिशाच उलटी केली: आपला प्राध्यापक तिकडे धाडण्याऐवजी तिकडचा इकडे आणायचा. 12 ते 14 तासांच्या अभ्यासक्रमासाठी 8,000 डॉलरपर्यंत आणि 20 ते 28 तासांसाठी 12,000 डॉलरपर्यंत एकरकमी तरतूद, त्यातच पाहुण्याचा प्रवास आणि मानधन. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थांनी असे अभ्यासक्रम घेतले. एका माणसाच्या प्रवासाच्या पैशांत सगळा वर्ग शिकतो. 2018ची ‘स्पार्क’ योजना संयुक्त संशोधनाला पैसे देते, पण तिचं दार मुख्यतः राष्ट्रीय क्रमवारीतल्या पहिल्या शंभरांसाठी उघडं आहे. तालुक्याच्या कॉलेजने तिकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

तालुक्याच्या कॉलेजला परवडणारा रस्ता वेगळा आहे आणि तो जवळजवळ बिनपैशाचा आहे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात जॉन रुबिन या चित्रपट विषयाच्या प्राध्यापकाने 2006 मध्ये एक केंद्र काढलं: दोन देशांतले दोन वर्ग, दोन शिक्षक, एक संयुक्त प्रकल्प, सगळं ऑनलाइन. या पद्धतीला ‘कॉइल’ म्हणतात. मॅडमनी माद्रिदला भेटलेल्या एका स्पॅनिश प्राध्यापिकेबरोबर तेच केलं. इथल्या मुलांनी कास पठारावरच्या कातळातल्या वनस्पतींच्या नोंदी पाठवल्या, तिथल्या मुलांनी आपल्याकडच्या डोंगराळ माळरानावरच्या. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. सकाळच्या तासाला तिकडे कुणी उठलेलंच नसतं, म्हणून जोडवर्ग दुपारी घ्यावा लागला. इंग्रजी दोन्हीकडच्यांचं सारखंच तोकडं, त्यामुळे कुणी लाजलं नाही. माद्रिदला मॅडम गेल्या नसत्या तर ही ओळख झाली नसती, हेही खरं. म्हणून परिषदेचे पैसे वाया गेले असं म्हणवत नाही.

पैसा देणाऱ्याने अट कशी घालावी याचा एक जुना दाखला आपल्याच मातीतला आहे. गोव्याच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली आणि बौद्ध वाङ्मय शिकून आले तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना 50 रुपये, तीन वर्षं, देऊ केले. महाराष्ट्रात कुठेही राहा आणि दरवर्षी एक पुस्तक संस्थानासाठी लिहा, एवढीच अट होती. पुढे 1910 मध्ये कोसंबी हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनावर काम करायला गेले आणि परतून फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. महाराजांनी प्रवासाचं बिल मागितलं नाही, पुस्तक मागितलं. आजच्या अनुदानात बिलाचे रकाने भरपूर आहेत; पुढच्या सत्रात कोणता नवा धडा शिकवणार, याला अनेक अर्जांत जेमतेम दोन ओळी.

विद्यापीठांना आणि संस्थाचालकांना सांगायचं ते इतकंच, की मंजूर रकमेचा निम्मा तरी भाग आगाऊ द्या. आधी खिशातून भरा, मग मागा, ही पद्धत कर्ज काढू शकणाऱ्यालाच परदेशी पाठवते. तासिका तत्त्वावरचा तरुण शिक्षक त्यात आपोआप गळतो. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रत्येक विद्यापीठाने आंतरराष्ट्रीय व्यवहार कार्यालय उघडावं असं सुचवलं आहे. त्या कार्यालयात परदेशी पाहुण्यांचे फोटो लावणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर विनियोग प्रमाणपत्राचा 12-अ नमुना डोळे मिटून भरू शकणारा एक लेखापालही बसवा. आणि अर्ज करणाऱ्या शिक्षकांनो, मंजुरीपत्र आलं की पेढ्यांच्या आधी ते लेखापालाकडे न्या, दोन्ही पानं त्याच्याकडून वाचून घ्या, तिकीट कुठून काढायचं ते त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या.