डोळ्यांवरची पेटी

दादांनो, बायांनो, आधी एक प्रयोग करा. अंगठा डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरा. डावा डोळा मिटा. आता तो उघडा आणि उजवा मिटा. अंगठा सरकला ना? अंगठा जागीच आहे. पण दोन डोळ्यांच्या जागा दोन, म्हणून दोघांना थोडं वेगळं दिसतं. मेंदू ही दोन चित्रं एक करतो. त्यामुळे जवळचं कोणतं, दूरचं कोणतं, हे आपल्याला कळतं. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे पटेल.

इंग्लंडातल्या व्हीटस्टन या शास्त्रज्ञानं १८३८ साली हेच दाखवून दिलं. त्यानं एकाच वस्तूची दोन चित्रं काढली आणि आरशांतून ज्याचं त्या डोळ्याला दाखवली. सपाट चित्र खोल दिसू लागलं.

आज व्हीआर नावाची पेटी निघाली आहे. ती डोळ्यांवर बांधतात. आत दोन भिंगं आणि त्यांच्या मागं पडदा असतो. प्रत्येक डोळ्याला त्याचं वेगळं चित्र दिसतं.

आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंका दहन’ हा मूकपट काढला. त्यात राम आणि सीता, दोन्ही कामं अण्णा साळुंके या एकाच नटानं केली. चित्र डोळ्यांना असं फसवतं! तरी तेव्हा मान वळवली की शेजारी बसलेला माणूस दिसे. पेटीत तसं होत नाही. मान वळली हे आतलं यंत्र लगेच ओळखतं आणि चित्रही तितकंच वळवतं. मागं पाहिलं तर मागचं दिसतं. माणूस मोझरीत खुर्चीवर बसलेला, पण त्याला वाटतं आपण समुद्राकाठी उभे आहोत. चित्र वळायला उशीर झाला तर गरगरतं. मग पेटी काढून ठेवावी.

पेटीचा उपयोगही मोठा आहे. डॉक्टर तिच्यात शस्त्रक्रियेचा सराव करतात. हात चुकला तरी कोणाचा जीव जात नाही.

पण शहरात न बांधलेलं घरही पेटीत दाखवतात. भिंती दिसतात, खिडकीतून झाड दिसतं. “डोळ्यांनी पाह्यलं, मग खोटं कसं?” असं म्हणून इसार देऊ नका. आधी जागेवर जा. सातबारा पाहा. कागद स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येतं. वाचल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न
१. दोन डोळ्यांना वेगळं का दिसतं?
२. मान वळवली की पेटीत काय होतं?
३. इसार देण्याआधी काय कराल?