घटक ४ : जिल्ह्याचा कारभार आणि त्याची शब्दसंपत्ती

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण अर्जलेखनाचा अभ्यास केला. मायना, विषय, संदर्भ, मजकूर आणि स्वाक्षरी यांची मांडणी आता आपल्या परिचयाची झाली आहे. परंतु निर्दोष मराठीत लिहिलेला अर्जही निष्फळ ठरू शकतो. ‘प्रति’ या शब्दाखाली कोणाचे पदनाम लिहावे, हा प्रश्न व्याकरणाने सुटत नाही. त्यासाठी कारभाराची रचना ठाऊक असावी लागते. आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती वा घरसंसार सांभाळून शिकत आहेत. चुकीच्या कार्यालयात घालवलेला एक दिवस म्हणजे एक दिवसाचा रोजगार, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

प्रस्तुत घटकात महाराष्ट्रातील जिल्ह्याचा कारभार कसा चालतो हे आपण पाहणार आहोत. ते पाहताना त्या कारभारातील शब्दांकडेही लक्ष द्यायचे आहे. योग्य कार्यालयाची खूण पुष्कळदा शब्दातच सापडते.

४.२ एक जिल्हा, दोन यंत्रणा

जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी दोन मोठी कार्यालये असतात : जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद. बोलताना आपण दोहोंनाही ‘सरकारी कार्यालय’ म्हणतो. प्रत्यक्षात पहिले राज्य शासनाचे आहे, तर दुसरी लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांची स्थानिक स्वराज्य संस्था आहे.

जिल्हाधिकाऱ्यापासून खाली उतरत गेले की उपविभागीय अधिकारी (ज्यांना आपण ‘प्रांत’ म्हणतो), तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि तलाठी अशी साखळी लागते. जमिनीच्या नोंदी, शेतसारा, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आपत्तीनंतरचे पंचनामे ही या साखळीची कामे. दुसरी साखळी जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत अशी तीन स्तरांची आहे. प्राथमिक शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावाची नळपाणी योजना, गुरांचा दवाखाना, गावाला जोडणारा रस्ता ही कामे तिच्याकडे येतात. नगरपालिका व महानगरपालिका यांचे क्षेत्र जिल्हा परिषदेच्या बाहेर असते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांत ग्रामीण भागच नसल्यामुळे राज्यात जिल्हे ३६, पण जिल्हा परिषदा ३४ आहेत.

एकाच विषयाचे दोन भाग दोन यंत्रणांकडे असतात, तेव्हा गोंधळ सर्वाधिक होतो. आरोग्याचेच उदाहरण घ्या. गावातील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर येत नसतील, तर तक्रार जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे करावी लागते. जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख मात्र जिल्हा शल्यचिकित्सक. ते राज्याच्या आरोग्य विभागाचे अधिकारी. दोन्ही पदनामे जवळजवळ सारखी वाटतात आणि अर्ज नेमका येथेच वाट चुकतो.

४.३ ही रचना कशी घडली

ब्रिटिश काळातही जिल्ह्याला लोकल बोर्ड होते. जुन्या पिढीच्या तोंडी ‘बोर्डाची शाळा’ हा शब्दप्रयोग अजून ऐकू येतो, तो तेथून आलेला आहे. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने देशासाठी त्रिस्तरीय पंचायत राज्य सुचवले. त्या समितीचा भर गटपातळीवर, म्हणजे पंचायत समितीवर होता. महाराष्ट्र राज्य स्थापन होताच १९६० साली वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६१ मध्ये आला. या समितीने दोन बाबतींत वेगळी वाट धरली. जिल्हा परिषद हा सर्वांत बळकट स्तर मानला आणि जिल्हाधिकाऱ्याला तिच्या बाहेर ठेवले. माझ्या मते महाराष्ट्राच्या पंचायत राज्यातील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. वसुली आणि कायदा-सुव्यवस्था पाहणारा अधिकारीच लोकांच्या सभेचा प्रमुख झाला असता, तर सभेला त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलता आले नसते. ‘महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१’ संमत झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला.

४.४ वसुलीचे शब्द आणि सभेचे शब्द

आता या दोन साखळ्यांतील शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहा. ‘तहसील’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ वसुली. ‘महसूल’ त्याच धातूपासून आलेला. इंग्रजांनी आणलेल्या ‘कलेक्टर’ या पदनामाचाही अर्थ गोळा करणारा असाच आहे. सत्ता बदलली, भाषा बदलली, पण कामाची कल्पना तीच राहिली. ‘जिल्हाधिकारी’ या आजच्या पदनामात वसुलीचा अर्थ उरलेला नाही. तो ‘तहसीलदार’ या शब्दात मात्र टिकून आहे.

दुसऱ्या साखळीतील शब्द संस्कृत मूळ असलेले आहेत. ‘परिषद’ म्हणजे भोवती बसणे, ‘समिती’ म्हणजे एकत्र येणे. ‘सभापती’, ‘ग्रामसभा’ हेही शब्द त्याच परिवारातील. एकीकडे गोळा करण्याचे शब्द आणि दुसरीकडे एकत्र बसण्याचे, असा हा भेद आहे. तो काटेकोर नियम मात्र मानू नका. ‘जिल्हा परिषद’ या नावातील पहिला शब्द अरबीच आहे. ‘बाजू, बरगडी’ असा त्याचा मूळ अर्थ.

नव्या यंत्रणेला नवी पदनामे हवी होती. शासनाचा ‘पदनाम कोश’ १९६२ साली निघाला, तेव्हा त्यातील संस्कृतप्रचुर शब्दांमुळे त्याला ‘बदनाम कोश’ असेही हिणवले गेले. त्या टीकेत थोडे तथ्य होते. ‘तलाठी’, ‘तहसीलदार’ हे शब्द लोक पूर्ण उच्चारतात. ‘गट विकास अधिकारी’ मात्र बोलण्यात ‘बीडीओ’ होतो, ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ ‘सीईओ’ होतो आणि जिल्हा परिषद ‘झेडपी’ होते. दोष संस्कृतचा नाही, लांबीचा आहे. तीन शब्दांचे पदनाम रोजच्या बोलण्यात टिकत नाही. अर्जात मात्र पूर्ण पदनामच लिहावे.

याच संदर्भात भाषांतराविषयी एक सूचना. अमेरिकेतील ‘काउंटी’साठी आपण सहज ‘जिल्हा’ हा शब्द वापरतो. तेथे पुष्कळ ठिकाणी काउंटीचा शेरीफ मतदार निवडून देतात; आपल्याकडे जिल्हा पोलीस अधीक्षक राज्य शासन नेमते. शब्द जुळला म्हणून संस्था जुळतेच असे नाही.

४.५ जिल्हा परिषदेचे अंतरंग

जिल्हा परिषदेत किमान ५० व कमाल ७५ निर्वाचित सदस्य असतात आणि पंचायत समित्यांचे सभापती पदसिद्ध सदस्य असतात. मुदत पाच वर्षांची. अध्यक्षाचा कार्यकाल अडीच वर्षांचा. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, तेव्हापासून महिलांना एक तृतीयांश आरक्षण मिळाले. महाराष्ट्राने २०११ साली ते निम्म्यावर नेले. प्रत्यक्ष काम समित्यांमधून चालते. स्थायी, वित्त, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण अशा या समित्या होत.

निर्णय सदस्यांनी घ्यावा आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने तो अमलात आणावा, ही मूळ कल्पना. तिचे मोल ती नसताना कळते. २०२२ साली राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्यामुळे निवडणुका लांबल्या आणि प्रशासक नेमले गेले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे निर्देश दिले. मधल्या काळात मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक असल्याने ठराव करणारा आणि ठराव अमलात आणणारा एकच झाला. शाळा चालू राहिल्या, औषधे मिळत राहिली. पण सभेत उभे राहून ‘आमच्या गावचा पूल का रखडला?’ असे विचारणारा सदस्य नव्हता. ‘परिषद’ या शब्दातील एकत्र बसणेच त्या काळात थांबले होते.

४.६ गावपातळीवर : आठ आणि आठ-अ

दोन्ही साखळ्या गावात येऊन शेजारी बसतात, कित्येकदा एकाच आवारात. तलाठी महसुलाचा, ग्रामसेवक ग्रामपंचायतीचा. २०२४ साली शासनाने या पदांना अनुक्रमे ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ‘ग्रामपंचायत अधिकारी’ अशी नावे दिली. नव्या नावांत कोण कोणत्या यंत्रणेचा हे उघड झाले, हा लाभच म्हणायचा. लोक ती किती वापरतील, हे त्यांच्या लांबीवरून आपणच ताडावे.

या दोघांच्या दप्तरांतील एक जोडी नीट लक्षात ठेवा. गाव नमुना ८-अ म्हणजे खातेदाराच्या नावे गावात एकूण किती जमीन आहे, याची महसुली नोंद. ती तलाठ्याकडे मिळते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. तिचा उतारा ग्रामपंचायतीत मिळतो. घरासाठी कागद हवा असताना शेताचा कागद नेणारे आणि त्यापायी पुन्हा फेरी मारणारे अर्जदार थोडे नाहीत. एका अक्षराचा हा फरक आहे. अर्जात केवळ ‘आठचा उतारा’ असे कधीही लिहू नये. ‘घर क्रमांक अमुकचा ग्रामपंचायत नमुना ८ चा उतारा’ असे लिहावे.

सेवा वेळेत मिळाली नाही, तर ‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५’ आपल्या बाजूने आहे. अधिसूचित सेवेसाठी किती दिवस लागतील, ती देणारा ‘पदनिर्देशित अधिकारी’ कोण आणि अपील कोणाकडे करायचे, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. ती नसेल तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, हे सिद्ध करता येत नाही.

४.७ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

(१) ‘तहसील’ आणि ‘समिती’ या शब्दांच्या मूळ अर्थांवरून त्या त्या यंत्रणेच्या स्वरूपावर कोणता प्रकाश पडतो, ते सुमारे १५० शब्दांत लिहा.

(२) आपल्या गावातील प्राथमिक शाळेच्या गळक्या छपराविषयी अर्ज लिहा. तो प्रथम कोणाकडे द्याल आणि का, हे अर्जाखाली दोन वाक्यांत नोंदवा.

(३) आपल्या ग्रामपंचायतीच्या अथवा तहसील कार्यालयाच्या सेवाफलकावरील पाच वाक्ये जशीच्या तशी उतरवून घ्या. त्यांतील जी वाक्ये शेजारच्या व्यक्तीला वाचून दाखवल्यावर समजली नाहीत, ती समजेल अशा मराठीत पुन्हा लिहा आणि दोन्ही पाठ संपर्क सत्राला सोबत आणा.