मामाचे घर आणि भाडेपावती

खेड्यातून शहरात शिकायला येणारा विद्यार्थी पहिल्या दिवशी आपली पेटी कोठे ठेवतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या खानदेशात तरी बहुधा एकच मिळेल : नातलगाकडे. एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी. ती रीत गेली. मामाच्या, आत्याच्या किंवा चुलतभावाच्या घरी राहून शिकण्याची रीत मात्र टिकून आहे. या रीतीकडे आपण जिव्हाळ्याची गोष्ट म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु शासन जेव्हा ‘तुझ्या खोलीचे भाडे आम्ही देऊ’ असे म्हणते, तेव्हा एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. मामाकडे राहणारा भाचा हा पाहुणा, घरचा माणूस, की भाडेकरू? प्रस्तुत लेखात याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम योजना पाहू. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१६ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना सुरू केली. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ या वर्षापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. दोहोंचे सूत्र एकच : वसतिगृहात जागा देता येत नसेल तर भोजन, निवास व निर्वाह यांची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करायची. सुरुवातीच्या दरांनुसार मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, तर इतर जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी ४३,००० रुपये होते. या ४३,००० मध्ये भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,००० असे भाग होते. म्हणजे डोक्यावरच्या छपरासाठी महिन्याला हजार रुपये. स्वाधारच्या अटींप्रमाणे विद्यार्थी त्या गावचा स्थानिक रहिवासी नसावा लागतो आणि तो कोठे राहतो याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार किंवा तशा स्वरूपाचा कागद, अर्जासोबत द्यावा लागतो. नातलगाकडे राहणारा विद्यार्थी नेमका या कागदापाशी अडतो.

माझे गाव चोपडा तालुक्यात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वसतिगृहाच्या यादीत नाव आले नाही म्हणून जळगावला पिंप्राळ्यात मामांकडे राहतो. मामा दालमिलमध्ये कामाला आहेत. त्यांच्या घराला मागच्या बाजूने वेगळे दार असलेली एक लहान खोली आहे. मी येण्यापूर्वी तेथे एक भाडेकरू १,५०० रुपये देऊन राहत होता. मी आलो आणि ते उत्पन्न थांबले. अर्थशास्त्राच्या तासाला संधी-खर्च ही संकल्पना शिकवतात तेव्हा पुस्तकात गहू आणि कापूस यांचे उदाहरण असते. मला ती या खोलीमुळे समजली. मामांनी माझ्याकडून एक पैसाही घेतलेला नव्हता, तरी माझ्या राहण्याची किंमत कोणीतरी महिन्याच्या महिन्याला मोजत होतेच.

पहिल्या वर्षी भाडेकराराचा विषय काढला तेव्हा मामा म्हणाले, “भाच्याकडून भाडं घेऊ? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?” आमच्या घरात मामा भाच्याच्या पाया पडतात. ज्याच्या पाया पडायचे त्याच्या नावाने भाड्याची पावती कशी फाडायची, ही त्यांची अडचण खरी होती. ती केवळ अज्ञानाची नव्हती. त्या वर्षी आम्ही अर्ज केला नाही.

आता कायदा काय म्हणतो? नातलगाला भाडे देऊ नये, असे कोठेही लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यात मात्र एक मनोरंजक व्याख्या आहे. कलम ७ मध्ये ‘लायसन्सी’ म्हणजे शुल्क देऊन परवानगीने राहणारा कोण, हे सांगताना ‘एकत्र राहणारा कुटुंबीय’ त्यातून वगळला आहे. त्याच ओळीत पेइंग गेस्टही वगळला आहे. ही व्याख्या भत्त्यासाठी केलेली नाही हे खरे, पण घरचा माणूस आणि भाडेकरू यांच्यामध्ये रेषा ओढावी लागते, हे कायदा करणाऱ्यांनाही जाणवले होते. भाचा एकत्र राहणारा कुटुंबीय ठरतो की नाही, हे खोली वेगळी आहे का, पैसे खरोखर दिले जातात का, अशा गोष्टींवरून पाहावे लागेल. नुसत्या नात्यावरून ते ठरणार नाही.

आपल्या प्राध्यापकवर्गाला परिचित असलेले उदाहरण नोकरदारांचे. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्याला स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या मालकीच्या घरात राहूनही घरभाडे भत्ता मिळू शकतो. वडिलांना मिळालेल्या सरकारी निवासस्थानात तो त्यांच्याबरोबर राहत असेल तर मात्र मिळत नाही. भत्ता मिळणे ही एक गोष्ट आणि त्यावरील आयकराची सूट ही दुसरी. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१३अ) मधील सूट प्रत्यक्ष भाडे भरणाऱ्यासाठीच होती, आणि आईवडिलांना भाडे देऊन ती घेणारे पुष्कळ होते. यावर दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. अहमदाबादच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१३ साली एका पतीने पत्नीला दिलेले भाडे ग्राह्य धरले. मुंबईच्या न्यायाधिकरणाने २०१७ साली एका मुलीने आईला दिल्याचे सांगितलेले भाडे नाकारले. पत्नीचे नाते आईपेक्षा दूरचे म्हणून असे घडले नाही. मुंबईच्या प्रकरणात करार नव्हता, रोख रक्कम दिल्याचा पुरावा नव्हता आणि त्या बाई तेथे राहत होत्या हेच सिद्ध झाले नाही. नाते कोणते यापेक्षा व्यवहार खरा की खोटा, हे पाहिले गेले.

ब्रिटनमध्ये भाड्यासाठी शासकीय साहाय्य मिळते. त्या ‘हाउसिंग बेनिफिट’च्या २००६ च्या नियमांत हे अधिक स्पष्ट आहे. घरमालक जवळचा नातलग असून त्याच घरात राहत असेल, तर साहाय्य मिळत नाही. जवळचे नातलग म्हणजे आईवडील, सासूसासरे, मुले, सुना-जावई, भावंडे अशी यादीच तेथे दिली आहे. गंमत अशी की त्या यादीत मामा नाही! इंग्रजांना मामा दूरचा वाटतो. पण मामा यादीत नसला तरी व्यवहार व्यापारी स्वरूपाचा आहे की केवळ साहाय्य मिळवण्यासाठी उभा केला आहे, ही दुसरी कसोटी उरतेच.

ही कसोटी माझ्या एका मित्राला लावून पाहू. तो साक्री तालुक्यातला. धुळ्याला देवपूर भागात चुलतभावाकडे राहतो. घर एका खोलीचे. भाऊ, वहिनी, दोन मुले आणि हा. रात्री अंथरुणे घातली की दार उघडत नाही. तो भाडे देत नाही. सुटीहून येताना घरची बाजरी आणि तुरीची डाळ आणतो. त्याला एकाने तयार भाडेकरार करून देण्याची तयारी दाखवली होती. त्याने तो केला नाही आणि माझ्या मते बरोबर केले, कारण त्या कागदावर ‘भाड्याने दिलेली खोली’ असे लिहावे लागले असते आणि अशी खोलीच तेथे नाही. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, आणि चौकशी झाली तर भावालाही उत्तर द्यावे लागते. पण याचा अर्थ त्याच्या राहण्याला खर्च नाही असा होत नाही. एक माणूस वाढला की पाणी, वीज, चूल सगळे वाढते. हा खर्च भाड्याच्या रूपात नाही, एवढेच. करार मागणाऱ्या अर्जात त्याला सांगण्यासारखे खरे काही उरत नाही.

याउलट माझ्या बाबतीत खोली खरी आहे आणि बुडालेले भाडेही खरे आहे. यंदा मामींनीच तोड काढली. त्या म्हणाल्या, “तो भाडेकरू होता तेव्हा आपण भाडं घेतच होतो ना? मग याचंही वहीत लिहू. नसतील त्या महिन्याला बाकी टाकू.” भाडे हजार ठरले. मे महिन्यात केळीच्या गाड्या भरून साठवलेल्या पैशांतून पहिले तीन महिने मी मामांच्या खात्यावर भरले. रोखीने दिले नाहीत, कारण मुंबईचा तो निकाल डोक्यात होता.

कराराविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असे आपण ऐकतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून हा समज निघाला असावा. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ म्हणते की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी घरमालकाची, आणि न केल्यास त्यालाच शिक्षा. तेव्हा अर्जाच्या घाईत मामांच्या सह्या घेणाऱ्यांनी आपण मामांवर काय टाकत आहोत हे जाणून घ्यावे. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्कच हजार रुपये, म्हणजे एका महिन्याचा निवासभत्ता. शिवाय बोटांचे ठसे देण्यासाठी मामांची अर्ध्या दिवसाची हजेरी बुडाली, ती वेगळी.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्रवेश, अर्ज, छाननी, मंजुरी या पायऱ्या चढेपर्यंत जुलै-ऑगस्ट निघून गेलेले असतात. परका घरमालक तोवर थांबत नाही. तो अनामत आणि आगाऊ भाडे मागतो. थांबतो तो नातलगच. शासनाची रक्कम येईपर्यंत या योजनांना बिनव्याजी उसने देणारा सावकार म्हणजे आमचे मामा आणि साक्रीच्या मित्राचा चुलतभाऊ, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. आणि अर्जात मात्र या माणसासाठी जागा नाही! वसतिगृह किंवा भाड्याची खोली याखेरीज ‘नातलगाकडे वास्तव्य’ असा तिसरा रकाना असावा, निवासाची रक्कम तेथे कमी धरावी, आणि महाविद्यालयाने प्रत्यक्ष पाहणी करून दाखला द्यावा, असे मला वाटते. मग खोट्या कराराची गरज राहणार नाही आणि देवपूरच्या त्या खोलीतला विद्यार्थीही भोजन-निर्वाहाच्या रकमेला खरे सांगून पात्र ठरेल.

पुढील वर्षी प्रवेशाच्या वेळीच भाडेकराराची नोंदणी आणि या योजनांचे अर्ज यांची माहिती देणारी एक बैठक महाविद्यालयात घ्यावी, असे निवेदन आम्ही काही विद्यार्थी प्राचार्यांना देणार आहोत. ज्यांना त्यावर सही करावयाची असेल त्यांनी द्वितीय वर्षाच्या वर्गात मधल्या सुटीत भेटावे.