श्वासाच्या मापाने

नोएडा, कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बाळ,


तुझे सविस्तर पत्र पोचले. तू स्वतः दम्याने बेजार, तबल्याची साथ करणारा तुझा मित्र संधिवाताने ग्रस्त आणि संवादिनी वाजवणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या. अशा तिघांनी मिळून निर्गुणी भजनांचा एक अल्बम ध्वनिमुद्रित करण्याचा जो संकल्प तुम्ही सोडला आहे, त्याला माझी मनःपूर्वक संमती आहे. मात्र मुखपृष्ठावर तिन्ही व्याधींची नावे छापावीत काय, हा जो प्रश्न तू अगदी शेवटी, जणू सहज म्हणून विचारला आहेस, तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर थोडे दुरून द्यावे लागेल.

तुम्ही निर्गुणी भजने निवडलीत, तेव्हा कुमार गंधर्वांचे स्मरण तुम्हाला झालेच असणार. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला आणि वयाच्या अकराव्या वर्षी मुंबईच्या जाणकारांना थक्क करून सोडणारा हा गायक ऐन उमेदीत क्षयाच्या तडाख्यात सापडला. १९४८ च्या जानेवारीत माळव्याच्या कोरड्या हवेसाठी देवासला येऊन राहिला. आणि ज्याचा सारा जन्म गाण्यासाठी, त्यालाच गाण्याची सक्त मनाई झाली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध लागू पडले आणि १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले. पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते ते झालेच. अंथरुणावरच्या त्या वर्षांत माळव्यातल्या बायाबापड्यांची जी गीते त्यांच्या कानी पडत राहिली, त्यांतून त्यांची लोकधुनांविषयीची दृष्टी, धुनउगम रागांची कल्पना आणि पुढे १९६५ साली ग्रंथरूपाने आलेला 'अनूपरागविलास' हे सारे उगवले. पत्नी भानुमतीबाईंनी त्या काळात केलेली शुश्रूषा या संगीताच्या जमाखर्चात मांडल्यावाचून तो हिशेब पुरा होत नाही.

कुमारांची ती छोटी, उसळून येणारी स्वरवाक्ये आणि मधली भरलेली स्तब्धता ऐकून, ही शैली क्षयानेच त्यांना दिली, असे पुष्कळ लोक म्हणतात. मला हे म्हणणे अन्यायाचे वाटते. क्षयाने कितीजणांची फुप्फुसे कुरतडली, पण त्या सर्वांना काही शैली लाभली नाही. व्याधीने मर्यादा घातली आणि त्या मर्यादेच्या आत काय रचावे हे एका असामान्य बुद्धीने ठरवले. पुढे त्यांच्या दुसऱ्या पत्नी वसुंधराबाई, ज्या कुमारांप्रमाणेच प्रो. देवधरांच्या शिष्या, त्यांच्याबरोबर कुमारांनी गाइलेली निर्गुणी भजने तू पुन्हा एकदा केवळ एवढ्यासाठी ऐक की, एक आवाज थांबतो तेथे दुसरा कसा उभा राहतो आणि थांबणाऱ्याची उणीव कोणालाही कशी भासत नाही. दिल्लीत राहून ही परंपरा तुला परकी नाही. विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली येथे स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयात त्यांचे चिरंजीव मधुप मुद्गल यांनी कुमारांकडून घेतलेली विद्या आजही शिकवली जाते. तेथे जाऊन बस, ऐक, शंका विचार.

तात्पर्य, व्याधीला जागा द्यायची ती रचनेत द्या. तुझा श्वास जेवढा पुरतो तेवढाच आलाप बांध आणि पुढची ओळ संवादिनीकडे सोपव. ती सोपवणूक आधीपासून बंदिशीचाच भाग म्हणून बसवलेली असली, म्हणजे तिला कोणी तडजोड म्हणणार नाही. मुद्रणानंतर यंत्राने प्रत्येक श्वासाचा आवाज पुसून टाकण्याची हल्ली जी चाल पडली आहे, ती निदान तुम्ही तरी स्वीकारू नका.

आता वेळेची तजवीज. दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्ली, गाझियाबाद, नोएडा येथली हवा धडधाकट माणसालाही सोसवत नाही. तेव्हा या मोसमात मुद्रण ठेवण्याचा तुमचा बेत मला साफ नामंजूर आहे. फेब्रुवारीअखेर ते मार्च ही मुदत धरा. संधिवाताने आखडलेली बोटे सकाळी उशिरापर्यंत मोकळी होत नाहीत, म्हणून तबल्याचे काम दुपारनंतर ठेवा. डायलिसिसच्या दिवशी बाईंना मुळीच बोलावू नका, कारण त्या दिवशीचा थकवा विलक्षण असतो. तू स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरत जा, नाहीतर आवाज बसू शकतो. आणि तत्काळ आराम देणाऱ्या दुसऱ्या पंपाने हाताला कंप सुटतो, तेव्हा तो घेतल्यावर लगेच तानपुरा जुळवायला बसू नकोस. औषधाच्या मात्रेत मात्र डॉक्टरांच्या हुकुमावाचून कोणीही, कोणत्याही कारणाने फेरफार करू नये. दुखणे लपवून वाजवणे हा पराक्रम नव्हे. तो इतर दोघांचा विश्वासघात आहे.

सर्वांनाच कुमारांसारखे परतता येत नाही, हेही तुला सांगणे माझे कर्तव्य आहे. जॅकलिन दु प्रे ही इंग्लंडची अलौकिक चेलोवादक. १९६५ साली, विशीच्या उंबरठ्यावर, तिने मुद्रित केलेला एल्गरचा कॉन्चेर्तो आजही प्रमाण मानला जातो. मज्जासंस्थेच्या व्याधीने तिची बोटे बधिर केली आणि अठ्ठाविसाव्या वर्षी, १९७३ साली, तिचे वादन कायमचे थांबले. १९८७ साली ती वारली, परंतु मधल्या काळात तिने शिकवण्याचे काम केले. तुमच्यापैकी कोणावर असा प्रसंग आलाच, तर त्याच्यासाठी तुमच्या मंडळीत कोणते काम राखून ठेवले आहे, हे आजच ठरवा.

मुखपृष्ठाचे उत्तर आता तुझ्या ध्यानात आले असेल. तेथे तिघांची नावे, वाद्ये आणि रागांची नावे असावीत. व्याधींची असू नयेत. ज्याच्या कानाला तुमचे गाणे रुचले नाही त्याने कणव येऊन ते विकत घ्यावे, यात तुमच्या विद्येचा अपमान आहे. कोणी मुलाखतीत विचारले तर लपवू नका, सरळ सांगा. परंतु आपली कैफियत आपण होऊन दारावर लावू नका.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. उत्पन्नाची वाटणी आणि कोणी मध्येच आजारी पडला तर त्याचा हिस्सा अबाधित राहील हे कलम, या दोन्ही गोष्टी करारनाम्यात लिहून तिघांच्या सह्या घ्या, आणि तो मसुदा मुद्रणाची तारीख ठरवण्यापूर्वी मला पाठव.

तुझा,
मामा