आधी पीळ, मग वारा, मग ऊब

राजा,

नव्या घराची गॅलरी हातभर, नोकरी दिवसभर आणि पावसाळा चार महिने. म्हणून ड्रायर घ्यावा का, असं विचारतोयस. हवा तर घे, तुझ्या आत्याची त्याला ना नाही. फक्त एक क्रम पक्का धर. कापडातलं पाणी आधी पिळून काढायचं, मग वाऱ्याच्या हवाली करायचं आणि उरलंसुरलं तेवढंच उष्णतेने सुकवायचं. हा क्रम उलटा केला की बिल फुगतं, कापड विरतं आणि कपाटाला कुबट वास सुटतो. खालची यादी वॉशिंग मशीनच्या वर भिंतीला चिकटव. फोनमध्ये ठेवलीस तर वेळेला सापडायची नाही, मी ओळखते तुला.

दोरीपर्यंत पोचण्याआधी

१. सुती कपड्यांना मशीनचं स्पिन १२०० फेऱ्यांवर ठेव — ८०० फेऱ्यांच्या तुलनेत सात किलो कपड्यांत साधारण लिटरभर पाणी कमी उरतं, आणि तेवढ्या पाण्याची वाफ करायची तर सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता लागते. पिळलं नीट, तर वाळलं नीट.

२. लोकर आणि तलम कपडे मात्र कोरड्या टॉवेलात गुंडाळून नुसते दाब — टॉवेल पाणी ओढून घेतो आणि धागा ताणला जात नाही.

३. मशीन थांबलं की धुणं लगेच बाहेर काढ. ऑफिसला निघताना मशीन लावून जायची सवय सोड — बंद ड्रममध्ये ओल्या कपड्यांत जंतू वाढतात, आणि पावसाळ्यातल्या आंबूस वासाची सुरुवात बहुतेक तिथेच होते.

४. खिसे धुण्याआधी तपास आणि वाळत घालताना उलटे बाहेर ओढ — नोटा आणि पेनं वाचतात, शिवाय अख्खी पँट वाळली तरी खिसा ओला राहतो तो राहत नाही.

५. प्रत्येक कपडा दोन्ही हातांनी धरून जोरात झटक — बऱ्याचशा सुरकुत्या तिथेच मोडतात. झटक्याला आळस, इस्त्रीला दिवस.

दोरी, दांडी, चिमटे

६. धुणं घालण्याआधी दोरी ओल्या फडक्याने पुसून घे — आजूबाजूला बांधकाम चालू असलं की एका दिवसाची धूळ पांढऱ्या शर्टावर काळी रेघ ओढायला पुरते.

७. उघडी लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी किंवा प्लास्टिकचं वेष्टण असलेली तार घे. वेष्टण फाटलं की बदल — गंजाचा डाग साध्या धुण्याने निघत नाही, आणि लोखंडातून वीज वाहते ते वेगळंच.

८. विजेचा खांब, त्याला दिलेला ताण, मीटरची वायर, वायर टेकलेला पत्रा, यांतल्या कशालाही दोरी बांधू नकोस — ओल्या तारेत वीज उतरून माणसं दगावतात, आणि महावितरण दर पावसाळ्यात हेच बजावतं. हाताला नुसती झिणझिणी जाणवली तरी दूर हो, सगळ्यांना लांब ठेव आणि १९१२ वर कळव. दोरी सुताची, काळजी जिवाची.

९. दोन कपड्यांत चार बोटं जागा सोड — कापडातून सुटलेली दमट हवा निघून गेली नाही, तर कपडे ओल एकमेकांकडे ढकलत बसतात. वारा फुकट मिळतो, पण त्याला वाट द्यावी लागते.

१०. चादर जवळजवळच्या दोन दोऱ्यांवर टाक, मधे झोळी राहील अशी — एकाच दोरीवर दुहेरी टाकली की आतल्या दोन बाजू चिकटतात आणि संध्याकाळीही गारच लागतात.

११. शर्ट खालच्या काठाला चिमटा लावून उलटा टांग, पँट कमरेला धरून, टी-शर्ट काखेच्या शिवणीशी — खांद्यावर चिमट्याची टोकं उमटत नाहीत.

१२. स्वेटर टांगू नकोस, टेबलावर टॉवेल अंथरून आडवा पसर — ओल्या लोकरीला स्वतःचंच वजन पेलत नाही आणि बाह्या गुडघ्यापर्यंत येतात.

१३. काम झालं की चिमटे डब्यात घालून आत आण — उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, पावसाने स्प्रिंग गंजते. चिमटा कुचका, रुमाल शेजाऱ्याचा.

१४. कधी महालक्ष्मीला उतरलास तर पुलावरून धोबीघाट नीट बघ. १८९० च्या सुमारास बांधलेल्या त्या घाटावर दोन पदरी पिळाच्या दोरीत कपड्याचं टोक खोचतात, चिमटा लागतच नाही — दोरीचा पीळच कापड धरून ठेवतो, आणि गंजाचा डाग पडायचा प्रश्नच उरत नाही.

१५. घरात जागा नसेल तर चाळीसारखी छतालगत दांडी बांध, किंवा कप्पीवर वरखाली होणारं हँगर लाव — सोवळ्याचे कपडे काठीने वर टाकायचे ते शिवाशिव टाळायला, पण त्यात शहाणपण आणखीही होतं: गरम हवा वर साचते आणि खालची जागा मोकळी राहते.

१६. त्या कप्पीच्या दोऱ्या उंच खुंटीला गुंडाळून ठेव आणि गॅलरीत कठड्याशी स्टूल ठेवू नकोस — पाहुण्यांबरोबर लहान मूल येतं, ते दोरी गळ्यात घालून बघतं आणि स्टुलावर चढतंच.

१७. ग्रिल नसेल तर बाहेरच्या दोरीसाठी कठड्याबाहेर वाकू नकोस. पडलेला मोजा खालून आणता येतो — मोज्याची जोडी दुकानात मिळते, तुझी नाही.

१८. पाणी गळणारं धुणं बाहेरच्या दोरीवर टाकू नकोस, आणि उन्हाळ्यात खालच्या मजल्यावर कुरडया-पापड पडलेत का ते आधी बघ — त्यांच्या वाळवणावर तुझ्या जीन्सचं पाणी ठिबकलं, तर सोसायटीच्या सभेत पहिला विषय तूच असशील.

उन्हाचा मान

१९. पांढरे कपडे, टॉवेल, पायपुसणी आणि तान्ह्या बाळाचे लंगोट थेट उन्हात घाल — उन्हातले अतिनील किरण जंतू मारतात, आणि त्याचं बिल येत नाही.

२०. रंगीत कपडे उलटे करून सावलीत, पण वाऱ्यात घाल — तेच किरण रंगही खातात, आणि आधी उडतो तो तुझ्या आवडत्या कुर्त्याचा.

२१. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे गेलास तर कपडे वाळताक्षणी काढ — चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दुपारभर राहिलेलं सुती कापड कडक होतं आणि रंग विटतो.

२२. थंडीत दिवे लागायच्या आत दोरी रिकामी कर — दिवसभर उन्हाने कमावलेलं रात्रीचं दव घालवतं.

२३. गोधड्या घटस्थापनेआधी उघडीप बघून धू, आणि गाद्या-उशांनाही तेव्हाच ऊन दाखव — पावसाची ओल त्यांच्या पोटात बसलेली असते, आणि ऑक्टोबरचं ऊन ती तळापासून काढतं.

२४. आजीची पैठणी उन्हातही नको आणि ड्रायरमध्ये तर नकोच. अधूनमधून सावलीत वारा दे आणि घडी बदलून ठेव — एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की जर तिथेच मोडते.

२५. कोकणातल्या घरी दोरीवरचा कपडा झटकल्याशिवाय अंगात घालू नकोस — विंचू आणि केसाळ सुरवंट यांनाही कोरडी जागा आवडते.

पावसाळ्याची रीत

२६. रविवारच्या ढिगाऐवजी रोज थोडं थोडं धू — चार शर्टांना पंख्याचा वारा पुरतो, चाळीस कपड्यांना अख्खं घर पुरत नाही.

२७. जीन्स आणि चादरी उघडिपीसाठी राखून ठेव, झडीत पातळ कपडेच वापर — जाड शिवण वाळायला दोन दिवस लागले की वास येणारच.

२८. धुणं हँगरला लावून पंख्याखाली ठेव — साधा पंखा आठ तासांत साधारण अर्धा-पाऊण युनिट घेतो, नवा बीएलडीसी पाव युनिटाच्या आसपास, आणि कपडे वाळवण्यात उष्णतेइतकंच काम हलती हवा करते.

२९. पंखा लावलास तरी खिडकीची फट उघडी ठेव, आणि झोपायच्या खोलीत धुणं टाळ — एका धुण्यातून दोन-तीन लिटर पाणी हवेत जातं. त्याला बाहेरची वाट नसली की भिंतीवर बुरशी धरते.

३०. गॅसच्या वर, गीझरवर किंवा इन्व्हर्टरवर कपडे टाकू नकोस — एक बनियन घसरून ज्योतीवर पडायला क्षण पुरतो.

३१. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर टोपली पालथी घालून लंगोट वाळवायचे, ती रीत आता बंद खोलीत नको — कौलारू घरातून धूर आणि वायू निघून जायचा; फ्लॅटमध्ये कोळशाचा विषारी वायू तिथेच कोंडतो, आणि त्याला वासही नसतो.

३२. घडी घालण्याआधी कंबरपट्टी, कॉलर आणि खिशाचं टोक गालाला लावून बघ — ओल असली तर गार लागते. गालाला कळतं ते बोटांना कळत नाही. एक ओलं कपाटात, कुबट वास घरभर.

३३. कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेव, पण बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नकोस — त्यांचा वायू काही तान्ह्या मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना बाधतो.

ड्रायर घेतलास तर

३४. ‘हीट पंप’ असलेला घे, जरी महाग असला आणि वेळ जास्त घेत असला — साध्या कंडेन्सर ड्रायरला भरल्या ड्रमला तीन-चार युनिटं लागतात, याला साधारण निम्मी. आणि कमी उष्णतेमुळे कापडही टिकतं.

३५. धुणं-वाळवणं एकत्र करणारं यंत्र घेताना किलोचे दोन्ही आकडे वाच — आठ किलो धुणारं यंत्र बहुधा पाचेक किलोच वाळवतं. बाकीचं दोरीवरच येणार.

३६. ड्रायरला स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट दे, एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नको — तासभर जड भार ओढताना स्वस्त बोर्ड वितळतो.

३७. धाग्यांची जाळी दर वेळी साफ कर, ‘उद्या करू’ नको — ती भुसभुशीत लव पटकन पेट घेते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या नोंदींत ड्रायरच्या आगींचं सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं हेच आहे. जाळी मोकळी, झोप मोकळी.

३८. तेलाचे कपडे ड्रायरमध्ये कधीही घालू नकोस: अभ्यंगाचे पंचे, बाळाच्या मालिशीची दुपटी, स्वयंपाकघरातली फडकी, धुतलेली असली तरीही — धुऊन तेल पूर्ण जात नाही, उष्णतेने ते हवेशी मिसळून आणखी तापतं, आणि घडीच्या ढिगात कोंडलेली ती धग आपोआप पेट घेऊ शकते. दिवाळीच्या पहाटे हे हमखास विसरलं जातं, म्हणून ही ओळ लाल पेनाने लिही.

३९. कपड्याच्या आतली पट्टी वाचायला शीक: चौकोनात गोल म्हणजे ड्रायर चालेल, आत एक ठिपका म्हणजे मंद उष्णता, त्यावर फुली म्हणजे नाही, चौकोनाच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा म्हणजे सावलीत, मधे आडवी रेघ म्हणजे पसरून — त्या कापडाला काय सोसतं ते शिवणाऱ्याने तिथेच लिहून ठेवलेलं असतं.

४०. लोकर, रेशीम, खादी आणि इलॅस्टिकचे कपडे ड्रायरबाहेर ठेव — लोकर आटते, खादी आखूड होते आणि इलॅस्टिक सैल पडतं.

४१. दोरीवर नव्वद टक्के वाळवून शेवटची दहा-वीस मिनिटंच ड्रायर लाव — खरं पाणी वाऱ्याने नेलेलं असतं. यंत्राला फक्त शिवणीतली ओल काढायची उरते.

४२. रात्री झोपताना किंवा घर बंद करून ड्रायर चालू ठेवू नकोस, आणि मधेच बंद केलास तर कपडे लगेच पसर — शेवटची मिनिटं कपडे गार करायची असतात. गरम ढीग तसाच ठेवणं धोक्याचं.

४३. कॅलिफोर्नियातल्या ताईला सांग की तिथे २०१५ मध्ये झालेल्या कायद्याने सोसायटीवाल्यांना मागच्या अंगणातली दोरी सरसकट बंद करता येत नाही — नियम जरूर वाच म्हणावं, पण ऊन असताना ‘इथे चालत नाही’ म्हणून गप्प बसू नकोस.

४४. आणि पैसे मोजण्याआधी एक अख्खा पावसाळा स्पिन, दोरी आणि पंख्यावर काढ. ज्या दिवशी खरोखर अडलं त्या दिवशी कॅलेंडरवर खूण कर — खुणा पाच-सहाच निघाल्या तर ते पैसे चांगल्या पंख्याला आणि दांडीला लाव, पानं भरली तर बिनघोर ड्रायर घे. मला फोन करशील तेव्हा खुणांचा आकडा सांग, मग मॉडेल आपण दोघं मिळून ठरवू.