तक्रार करणाऱ्यांमधूनच सात जण



आज पास्काकाळातील पाचवा रविवार. पहिल्या वाचनात (प्रेषितांची कृत्ये ६:१-७) आपण एक साधी, घरगुती वाटावी अशी तक्रार ऐकतो. यरुशलेममधील ख्रिस्तसभेत गरजूंना रोज अन्न वाटले जाई आणि त्यात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. ह्याच पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात लिहिले आहे की त्यांच्यात कोणीही गरजू नव्हते. दोनच अध्यायांत कुरकुर सुरू झाली!

ग्रीक बोलणारे म्हणजे परमुलखातून आलेली यहुदी कुटुंबे. धर्म तोच, श्रद्धा तीच, भाषा मात्र वेगळी. त्यांच्या विधवांना कोणी मुद्दाम वगळले असे संत लूक म्हणत नाही. वाटप करणाऱ्यांना ती घरेच ठाऊक नसावीत, असे आम्हांला वाटते.

प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना दटावले नाही. त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावले आणि सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्यांची नावे वाचा. स्तेफन, फिलिप आणि पुढची सारी नावे ग्रीक आहेत. शेवटचा अंत्युखियाचा नीकलाव तर जन्माने यहुदीही नव्हता. ग्रीक नावे इतर यहुद्यांतही असत; तरीही सातही जण तशाच नावांचे असावेत हा योगायोग वाटत नाही. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती सगळ्यांचे वाटप सोपवले गेले. आपण असतो तर त्यांचा एखादा प्रतिनिधी कमिटीत घेऊन विषय मिटवला असता.

हा उतारा अभ्यासताना आम्हां बायबल गटातील मंडळींना आपल्या धर्मग्रामाची यादी आठवली. आजारी व वृद्धांना घरी कम्युनियन आणि गरजूंना धान्य ज्या यादीवरून जाते, तीच. आम्ही ती मागवून पाहिली. सगळी नावे जुन्या आळ्यांतली. स्टेशनकडच्या इमारतींतले एकही नाही. तिथे कोकणी, मल्याळी, तामिळ कुटुंबे राहतात, झारखंडहून आलेलीही आहेत, आणि ती दर रविवारी आपल्याच मिस्सेला असतात. यादी करणाऱ्यांचा दोष म्हणावा तर ती आम्हीच आठवून आठवून केली होती!

आपली झोनची सभा मराठीत सुरू होते आणि पाच मिनिटांत कादोडीत शिरते. कादोडी आपल्या घरची गोड बोली आहे, तिची लाज मुळीच नाही. पण गेल्या नाताळात एक बहीण आम्हांला म्हणाली, "तीन वर्षं येते, अजून कुणी माझं नाव विचारलं नाही." आपल्या आजी-आजोबांनी लॅटिन मिस्सा ऐकली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट मोकळी केली. आपल्या भाषेतली पहिली मिस्सा ऐकताना काय वाटले, ते घरातल्या जुन्या माणसांना जरूर विचारा.

यादी आता नव्याने करायची आहे. घरोघरी जाण्यासाठी सहा जण हवेत. त्यांपैकी निदान चार त्या इमारतींतले असावेत आणि त्यांनी जुन्या आळ्यांतही जावे, असे आम्ही पॅरिश कौन्सिलला सुचवले आहे. वही कचेरीत ठेवली आहे. दुसऱ्या मिस्सेनंतर नावे द्यावीत. मराठी लिहिता येत नसेल तर सांगावे, आम्ही लिहून घेऊ.